व्याह्याला एकदाच विचारावे

विदोये याच्या एकुलत्या एका कन्येचे, रुझित्साचे, लग्न अमेरिकेतील मिनेसोटा नामक प्रांतात झाले त्यास आता सहा वर्षे लोटली होती. दर रविवारी तिचा फोन येई. विदोये विचारी, "कसं काय चाललंय, बाळ?" आणि ती म्हणे, "सगळं छान आहे, बाबा." एवढे झाले की तो फोन पत्नीच्या, स्तामेनाच्या, हाती देऊन अंगणात निघून जाई. परंतु "छान" हा शब्द मोठ्या झाकणीसारखा आहे, त्याच्याखाली काय शिजते आहे हे बाहेरून कळत नाही. आपली मुलगी त्या घरात घरची म्हणून वावरते की पाहुणी म्हणून बसते, हा एकच प्रश्न विदोयेच्या मनात सहा वर्षे ठाण मांडून होता, आणि तो विचारावा कसा हे त्यास उमगत नव्हते.

अशा स्थितीत त्या वर्षीच्या हेमंतात वार्ता आली की, रुझित्साचे सासरे एल्रॉय राडेमाकर हे स्वतः येत आहेत व घरच्या स्लाव्यापर्यंत, म्हणजे विदोयेच्या कुळाचा जो संत लुका त्याच्या सणापर्यंत, मुक्काम करणार आहेत.

"मार्लिस गेल्यापासून ते नीट जेवत नाहीत, बाबा," रुझित्सा फोनवर म्हणाली. मार्लिस ही तिची सासू. ती गेल्या हिवाळ्यात वारली होती. "तुमच्याकडे माणसांत राहतील. जेवू घाला त्यांना."

"हे तू मला सांगतेस?" विदोये म्हणाला.

त्याचा हा अभिमान पोकळ नव्हता. राजधानी बेलग्रादपासून दूर, आरिल्येच्या वरच्या डोंगरात, जिथे रस्पबेरीचे मळे संपून आलुबुखाराच्या बागा लागतात, तिथे पाहुण्याने "नको" म्हणणे ही जेवणाची सुरुवात समजली जाते. पाहुण्याचे "नको" संपले की यजमानाचे काम सुरू होते. तथापि, येणारा मनुष्य साधा पाहुणा नव्हता. मुलीच्या सासरचा होता, त्यातून अमेरिकन. येथे आपला पाय घसरला तर त्याची ठेच तिकडे मुलीला लागेल, या भयाने विदोयेने आपला कूम ओब्रेन यास सल्ला विचारला. कूम म्हणजे ज्याने रुझित्साला बाप्तिस्म्याच्या वेळी हाती धरून तिचे नाव ठेवले तो, घरातल्याहून अधिक घरातला. या ओब्रेनने शिकागो शहरात तीन वर्षे ट्रक हाकला होता आणि त्या बळावर तो साऱ्या पंचक्रोशीत अमेरिकेचा जाणकार म्हणून मान्यता पावला होता.

ओब्रेन अंगणातल्या बाकावर ऐसपैस बसला, आणि राकियाचा, म्हणजे आलुबुखाराच्या घरगुती दारूचा, पेला संपवून बोलू लागला.

"कुमा, पहिली गोष्ट. त्याला एकदाच विचारायचं. त्यानं नको म्हटलं की विषय संपला."

"आणि दुसऱ्यांदा विचारलं तर?"

"तर त्याला वाटतं, हा मला खोटारडा समजतो. अमेरिकन माणूस पोटात एक ओठात एक ठेवत नाही. हवं तर हवं, नको तर नको. तिसऱ्यांदा विचारशील तर वकील बोलावील."

"जेवायला वाढलं म्हणून वकील?" स्तामेना दारातून म्हणाली.

"तिथं इतके वकील आहेत, स्तामेना, त्यांनाही पोटापाण्याला काही लागतंच ना. दुसरी गोष्ट, ते घरात बूट घालून फिरतात. दारामागची ती सपातांची रांग काढून टाक. पाहून त्याला अवघडल्यासारखं होईल."

"माझी लादी?"

"लादी पुसता येते. मुलीचा संसार पुसता येत नाही."

हे शेवटचे वाक्य विदोयेच्या काळजात रुतले. त्याच सायंकाळी पाहुण्यांनी घरात घालायच्या सपाता माळ्यावर गेल्या.

यथावकाश व्याही आले. उंच, किंचित वाकलेला, सत्तरी ओलांडलेला मनुष्य. तळहात रुंद, नखांच्या कडेला जुनी माती कायमची वस्तीला आलेली. ओब्रेनने पुढे होऊन इंग्रजीत मोठ्याने स्वागत केले व त्यांच्या पाठीवर थाप मारली, कारण अमेरिकन लोकांस पाठीवर थाप आवडते असे त्याचे मत होते. एल्रॉय एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी विदोयेकडे वळून टोपी काढली आणि चक्क जर्मन भाषेत म्हटले, "रुझित्सा सांगत होती, तुम्हाला ही भाषा येते."

विदोयेने तारुण्यात जर्मनीतील कारखान्यात काम केले होते. एल्रॉयच्या गावी जुने जर्मन शेतकरी वसले होते व त्यांच्या आजीने घरात दुसरी भाषा कधी बोलूच दिली नव्हती. एकाचे जर्मन यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून बोलायचे होते, दुसऱ्याचे प्रार्थनेचे, चुलीचे आणि गुराढोरांचे. दोघांना मिळून एक अखंड भाषा होत नव्हती, परंतु काम भागत होते. गोठ्याकडे पाहून एल्रॉयनी पहिलाच प्रश्न दुभत्या गायीचा विचारला.

"अमेरिकन लोकांना एकच भाषा येते, असं तू म्हणाला होतास," विदोये हळूच म्हणाला.

"लष्करात शिकला असेल," ओब्रेन उत्तरला.

"'दुभती गाय' हा शब्द लष्करात शिकवतात?"

ओब्रेन लगबगीने पाहुण्यांची पेटी उचलायला वाकला.

उंबरठ्याशी येताच एल्रॉयनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि ते मोज्यांनिशी गार लादीवर उभे राहिले. सपाता असायच्या तिथे त्यांची दृष्टी गेली व परत आली. स्तामेनाचा जीव कासावीस झाला, कारण गार लादीवरून थंडी थेट मूत्रपिंडात चढते हे तिला बालपणापासून ठाऊक होते.

"आपल्याविषयी वाचून आलाय, म्हणून मुद्दाम करतोय," ओब्रेन पुटपुटला. "लक्ष देऊ नका. हवं असेल तर मागेल. ते लोक मागतात."

मग स्तामेनाने तबक आणले. त्यावर पांढऱ्या चेरीचा मुरांबा, चांदीचा चमचा आणि पाण्याचा पेला. या घरी आलेला मनुष्य कर गोळा करणारा असो की मुलीला मागणी घालणारा, प्रथम त्याने तो एक चमचा घ्यायचा आणि मगच काय ते बोलायचे.

"नको, नको," एल्रॉय म्हणाले. "उगाच कशाला त्रास."

स्तामेना तबक धरून उभी राहिली. तिच्या ओठांवर पुढचे वाक्य आले होते, तिच्या आईच्या व आजीच्या ओठांवरही त्या क्षणी आपसूक येत असे तेच. तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने कुमाकडे पाहिले. कुमाने भुवई उंचावली. तबक जसे आले तसे भरलेले आत गेले. त्या घरात हे प्रथमच घडत होते. एल्रॉयची नजर तबकाच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, हे विदोयेने पाहिले, परंतु त्याचा अर्थ त्यास लागला नाही.

त्यानंतरचे दिवस विदोयेला एखाद्या शिक्षेसारखे गेले. व्याही पाहुणेपणाला शोभेल इतकेच, म्हणजे चमचाभर, ताटात घेत. विदोये विचारी, "आणखी?" ते म्हणत, "नको, भरपूर झालं." आणि विदोये आपला हात दुसऱ्या हाताने धरल्यासारखा मागे घेई. भाजलेले मांस, मक्याची पोळी, ताज्या दाट सायीचे कायमाक, सारे भरलेले परत जाई. स्तामेना भांडी घासताना अश्रू पुसू लागली. रविवारी रुझित्साला तो म्हणाला, "चिमणीएवढं खातात." ती म्हणाली, "मार्लिस गेल्यापासून असंच आहे, बाबा." तेव्हा दुःखी माणसाच्या दुःखाला आपण काय करणार, असे म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

इतर बाबतींत मात्र तो व्याह्यांकडे मोठ्या कुतूहलाने पाहत राही. ओब्रेनने सांगितले होते की अमेरिकन सदैव हसतो. हे गृहस्थ दिवसातून एखाद्या वेळी हसत, तेही वासराला पाहून. ओब्रेन म्हणाला होता की ते हाताने काम करत नाहीत, माणूस बोलावतात. यांनी कोणी न सांगता गोठ्याची निखळलेली कडी बसवली. अमेरिकन बर्फाशिवाय पाणी पीत नाही म्हणून ओब्रेनने बर्फाची तजवीज करवली होती. बर्फ तसाच राहिला. प्रत्येक वेळी ओब्रेनपाशी खुलासा तयार असे. कडी बसवली, कारण कंटाळला. हसत नाही, कारण बायको गेली. बर्फ घेत नाही, कारण थंडी आहे.

"मग तुझा अमेरिकन या माणसात आहे तरी कुठे?" विदोयेने एकदा त्रासून विचारले.

"आतमध्ये," ओब्रेन ठामपणे म्हणाला.

याच सुमारास स्तामेनाच्या ध्यानात आले की डुकरांसाठी बारीक बटाटे उकडून ठेवलेली कढई सकाळी थोडी रिती झालेली असते. तिचा संशय ओब्रेनच्या कुत्र्यावर गेला. कुत्र्याला रंगेहाथ पकडून कुमाच्या हवाली करावे, या हेतूने विदोये एका पहाटे काठी घेऊन मागच्या छपरीत शिरला.

छपरीत वाफ कोंडली होती. पालथ्या बादलीवर त्याचे व्याही बसले होते. एका हातात सालपट निघालेला गरम बटाटा, मांडीवर कागदाच्या घडीत मीठ.

मुलीचा सासरा विदोयेच्या घरी डुकरांचे बटाटे खात होता. ही गोष्ट गावात गेली असती तर त्यास थडग्यातही तोंड लपवावे लागले असते.

"चांगले बटाटे आहेत," एल्रॉय उठून उभे राहत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

विदोयेने काठी भिंतीला टेकवली. दुसरी बादली पालथी घातली, तिच्यावर बसला, कढईतून एक बटाटा उचलला आणि सोलून खाऊ लागला. त्या क्षणी त्याला दुसरे काही सुचले नाही. ते पाहून एल्रॉय पुन्हा बसले आणि त्यांनी मिठाचा कागद मध्ये ठेवला.

"डुकरांचे आहेत हे," थोड्या वेळाने विदोये म्हणाला.

"माहीत आहे. त्यांच्यापुरते ठेवत होतो मी."

"व्याही, तुम्हाला भूक लागते?"

"लागते," एल्रॉय म्हणाले. "मार्लिस गेल्यावर बरेच दिवस लागत नव्हती. इथली हवा लागली आणि पहिल्याच दिवसापासून लागायला लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्याच्या घरी मागायचं कसं?"

"पण आम्ही विचारत होतो. तुम्ही नको म्हणत होतात."

"एकदा विचारत होतात," एल्रॉय खाली पाहत म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, ते नुसते घडले तसे सांगत होते.

विदोयेचा हात तोंडापाशीच थांबला.

मग एल्रॉयनी हळूहळू, आजीचे शब्द शोधत, सांगितले की त्यांच्याकडे पहिल्यांदाच "हो" म्हणणारा मनुष्य अधाशी ठरतो. पहिल्यांदा नको म्हणायचे. दुसऱ्यांदा आभार मानून नको म्हणायचे. तिसऱ्यांदा म्हणायचे, एवढं म्हणताच आहात तर थोडंसं. लहानपणी ते एकदा पहिल्याच खेपेला हो म्हणाले होते, तर आईने टेबलाखालून असा चिमटा काढला की तो त्यांना अजून आठवत होता.

"मी तिसऱ्या वेळेची वाट बघत होतो," ते म्हणाले. "इथं तर दुसरीही येईना. म्हटलं, यांना मी नको झालोय. रुझित्सा म्हणाली होती, बाबा तुमची बटणं तुटेपर्यंत खाऊ घालतील. मी मुद्दाम कमरेला सैल विजार घेऊन आलो."

विदोयेने त्या विजारीकडे पाहिले. ती आता दोरीने बांधलेली होती.

"आम्हाला सांगितलं होतं, अमेरिकन माणसाला एकदाच विचारायचं म्हणून."

"कोणी?"

"आमच्या कुमानं. तो शिकागोत होता."

"शिकागो," एल्रॉय म्हणाले. त्यांनी तो शब्द ज्या सुरात उच्चारला, त्याच सुरात विदोयेच्या गावचे लोक "बेलग्राद" म्हणत असत. विदोयेला ते ऐकून फार बरे वाटले.

तो उठून घरात गेला आणि स्तामेनाला एवढेच म्हणाला, "सपाता खाली काढ." तिने कारण विचारले नाही. त्या सकाळी चेरीचा मुरांबा पुन्हा आला. एल्रॉय म्हणाले नको, स्तामेना म्हणाली घ्या. ते म्हणाले खरंच नको, ती म्हणाली मी काय तबक घेऊन संध्याकाळपर्यंत उभी राहू. तेव्हा ते म्हणाले, एवढं म्हणताच आहात तर. चमचा तोंडात गेल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता सारे सरळ झाले, असे विदोयेला वाटले. अमेरिकन माणसाचे गणित त्याच्या हाती आले होते: तीनदा विचारावे. त्याने ते कुमाला सांगितले नाही, सणासाठी राखून ठेवले.

संत लुकाच्या दिवशी घर भरून गेले. स्लाव्याला कोणी कोणास बोलावत नाही. ज्याला यायचे तो येतो. मेणबत्ती पेटली, गोड गव्हाचा चमचा सर्वांनी घेतला. रीतीप्रमाणे विदोये दिवसभर बसला नाही, कारण त्या दिवशी घरधनी संताच्या मानासाठी उभा राहून वाढतो. त्याने एल्रॉयच्या ताटात सार्मा वाढला, आंबवलेल्या कोबीच्या पानातला तो खिमा साऱ्या डोंगरात स्तामेनासारखा कोणाला जमत नसे. एल्रॉय "नको" म्हणाले आणि त्याने वाढले. पुन्हा "नको", पुन्हा वाढले. ओब्रेन खुर्चीतून अर्धा उठला.

"कुमा, काय करतोस? तिसऱ्यांदा विचारलंस."

"वकिलालाही पान मांडतो," विदोये म्हणाला. एल्रॉयनी ताट साफ केले. ओब्रेन खुर्चीत परत बसला आणि पाहुणे हसले.

या विजयाच्या भरात विदोयेने राकिया आणली, बापाच्या वेळच्या झाडांची, तुतीच्या पिपात मुरलेली. "नको," एल्रॉय म्हणाले. त्याने पुन्हा पुढे केली. "नको, आभारी आहे." त्याने हसत तिसऱ्यांदा पेला पुढे केला. एल्रॉय म्हणाले, "नको." चौथ्यांदाही तेच.

"बघ," ओब्रेन आनंदाने म्हणाला. "शेवटी निघाला ना अमेरिकन. नको म्हणजे नको."

विदोये पेला धरून उभा होता. त्याचे गणित चुकले होते. तेव्हा, बहुधा प्रथमच, त्याने गणित सोडून समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. सार्म्याला नको म्हणताना त्या डोळ्यांच्या कडेला जी वाट पाहणे होते, ते आता तिथे नव्हते. पेल्याभोवती कोठेतरी एक जुने, बंद दार होते. त्याने पेला उचलला आणि शेजारच्या माणसासमोर ठेवला.

"तुम्ही पाहिलंत," एल्रॉय हळू आवाजात म्हणाले. "माझे वडील फार प्यायचे. घरात आम्हा मुलांनाच ठाऊक आहे काय काय झालं ते." मग म्हणाले, "रुझित्साही असंच करते. आधी चेहरा बघते, मग ठरवते सोडायचं की नाही."

"रुझित्सा?"

"ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा मार्लिसनं दालचिनीचे पाव पुढे केले. ती नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. आमचा डेल म्हणाला, आई, सोड तिला, युरोपातली माणसं रोखठोक असतात, नको म्हणजे नको."

विदोयेला नकळत हसू आले. म्हणजे तिकडेही एक ओब्रेन होता, आणि तो त्याचा जावई होता.

"मार्लिस ऐकणारी नव्हती. तिसऱ्यांदा तिनं सरळ ताटात वाढलं. तुमच्या मुलीनं तो पाव खाल्ला आणि परातीतला शेवटचाही उचलला. आमच्याकडे शेवटचा कोणी उचलत नाही, अर्धा-अर्धा करत तो सुकून जातो. मार्लिस आत येऊन मला म्हणाली, चला, परात घासायला मोकळी करणारं कोणी आलं घरात." एल्रॉयनी बोटाने टेबलावरचा पावाचा कण गोळा केला. "आता मला कोणी दोनदा विचारत नाही. तिला सोडून. दर रविवारी ताट घेऊन उभी राहते. मी चौथ्यांदा नको म्हटलं तरी हलत नाही."

विदोये उभाच होता, म्हणून त्यास तोंड फिरवणे सोपे गेले. आग्रह पाहुणी करत नाही. ज्याचे घर असते तो करतो.

तो सार्म्याचे पातेले घेऊन ओब्रेनपाशी आला. "कुमा, आणखी?"

"नको बाबा," ओब्रेन पोटावर हात फिरवत, पुढच्या वाक्याची वाट पाहत म्हणाला.

"बरं," म्हणून विदोये पातेले घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेला. ओब्रेन त्या पातेल्याकडे पाहत राहिला. एल्रॉय त्या दिवशी दुसऱ्यांदा हसले, आणि या वेळी समोर वासरू नव्हते.

रविवारी फोन आला तेव्हा एल्रॉय गोठ्यात होते. विदोयेने नेहमीचे विचारले, "कसं काय चाललंय, बाळ?"

"सगळं छान आहे, बाबा."

स्तामेनाने फोनसाठी हात पुढे केला होता. विदोयेने तो दिला नाही.

"बरं. पण कसं चाललंय?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आले नाही. तिसऱ्यांदा विचारावे लागेल, म्हणून त्याने श्वास घेतला होता. परंतु त्याची गरज पडली नाही.

"मार्लिसच्या ओट्याशी उभं राहवत नाही मला, बाबा," रुझित्सा म्हणाली. "तिच्या जागेवर उभी राहते आणि वाटतं, आता मागून येऊन म्हणेल, सरक बाळ, ते तसं नाही करायचं." आणि ती रडू लागली.

विदोये बाकावर बसला. अंगणात जाण्याची त्यास मुळीच घाई नव्हती. "सांग," तो म्हणाला, "कसं करायची ती?"